किल्लेदार जागा आहे

आमच्या घरात जेवायला चौघं असायचो आणि घर चालवायला पाचवा. चौघं म्हणजे अण्णा, आई, मी आणि हंगामापुरता पाटणहून येणारा मामा. पाचवा किल्लेदार. तो कधी जगलेला नव्हता. कवठे महांकाळच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या शाळेच्या एका मास्तरांनी फार पूर्वी जत्रेसाठी एक नाटक लिहिलं होतं, त्याचा हा नायक. त्याचा किल्ला कुठल्या नकाशावर नाही, नाव कुठल्या बखरीत नाही. पण द्राक्षं कधी उतरायची, शेडवर कुणाला घ्यायचं, व्यापाऱ्याला शब्द द्यायचा की नाही, हे सगळं आमच्याकडं त्याला विचारून ठरायचं. अण्णा ताटावर बसल्या बसल्या म्हणायचे, "किल्लेदारानं काय केलं असतं?" आणि उत्तरही तेच द्यायचे, वेगळ्या आवाजात. तो आवाज छातीच्या खालून यायचा. बाहेर गोठ्यातली म्हैस मान वर करायची.

नाटक दर वर्षी तेच असायचं. गावाला नवं नाटक नकोच होतं. वेढा पडलेला किल्ला, आतलं पाणी आटलेलं, आणि किल्लेदार ही गोष्ट कुणाला कळू न देता आपल्या वाट्याचं पाणी शिपायांना पाजतो. बातमी आणायला बाहेर गेलेला त्याचा सोबती परततो तेव्हा शत्रू त्याच्या मागावर असतो. तो दरवाजा ठोठावतो. दोन ठोके जवळ, मग थोडं थांबून एक. सगळे म्हणतात, उघडू नका, दगा आहे. पुन्हा तेच ठोके. किल्लेदार म्हणतो, "किल्लेदार जागा आहे. मागं राहिलेल्याला आत घेतल्याशिवाय हा दरवाजा झोपत नाही." आणि बैलगाडीच्या फळ्यांचा तो दरवाजा स्वतः उघडतो. इथं अख्खं गाव उभं राहायचं. बायका डोळ्याला पदर लावायच्या. पुढं किल्लेदार दारूच्या कोठारात शिरतो आणि मरतो, पण लोकांना तो मरतो याचं फार काही नसायचं. दार उघडलं, तिथं नाटक संपलेलं असायचं.

या भूमिकेला एक मान होता, आणि मानाला ओझं. ज्याच्या डोक्याला देवळात किल्लेदाराचा पटका बांधला जाईल, तो पुढच्या जत्रेपर्यंत किल्लेदारच. नैवेद्याचा पहिला घास त्याचा. पण विहिरीचा गाळ काढायला पहिला उतरणार तो, कुणाच्या माळवदात साप निघाला तर पहिला शिरणार तो. लोक बाजूला सरून एवढंच म्हणायचे, "किल्लेदार, पुढं व्हा." त्यात चेष्टा असायची आणि नसायचीही. मान सगळ्यांना हवा होता, वर्षभराचं पुढं होणं कुणालाच नको होतं. म्हणून मला कळायला लागल्यापासून पटका अण्णांच्याच डोक्यावर पाहिला. आई तो धुऊन, कांजी करून, पत्र्याच्या ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची आणि पुटपुटायची, "दुसऱ्या कुणाचं डोकं गावात न्हाईच जणू."

सोबत्याचं काम धोंडी करायचा. आमच्याच शेडवरचा माणूस. काटकुळा, सतत हसरा, कामाला वाघ. त्याला नाटकात ठोके होते आणि दोन वाक्यं, पण ते ठोके त्यानं वर्षभर पुरवून वापरले. आमच्या घरी आला की कडी वाजवायचा नाही, फळीवर दोन जवळ आणि एक लांबून. कुणी न्हाणीघरात असलं तरी दारावर तेच. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर, एकदा तर सरपंचांच्या जीपच्या टपावर. आणि अण्णा जिथं असतील तिथून उत्तर द्यायचे, "किल्लेदार जागा आहे." हातात भाकरी असो, चिमट्यात निखारा असो. हा त्या दोघांचा रामराम होता. धोंडीची बायको काशी शेडवर बेदाणा निवडायला यायची. ती म्हणायची, "घरी पण असंच वाजिवतंय. आणि मी नुसतं 'व्हय' म्हनलं तर रुसतंय. म्हनतंय, किल्लेदारागत बोल."

आमचा धंदा बेदाण्याचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, पुढं लागणार आहे. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, वाळली की झाडून घ्यायची, देठ काढायचे, धुवायची. मग धुरीच्या खोलीत गंधक पेटवून पत्र्याचं दार बंद करायचं, त्यानं बेदाण्याला सोन्यासारखा रंग चढतो. धुरी झाली की दार उघडून लांब व्हायचं. चहा, तंबाखू, गप्पा होऊन धूर पूर्ण निघून गेला की मगच आत. हे सगळ्यांना पाठ होतं. हंगामात माझ्या केसांना, वह्यांना, भाकरीच्या फडक्यालासुद्धा गंधकाचा वास असायचा. दुपारी आई शेडवरच तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं शिजवायची आणि मामानं आणलेल्या तांदळाचा भात. आमच्या दुष्काळी भागात तो भात म्हणजे सण. सगळे एका रांगेत जेवायचे आणि अण्णा सगळ्यांत शेवटी. किल्लेदार आधी जेवत नाही.

मामा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. बोलणं कमी, मोजणं जास्त. सकाळी माणसं मोजायचा, दुपारी मोजायचा, सुटी झाली की पुन्हा. माझी याद्या करायची सवय त्याच्याकडून आली आहे. माझ्या ऑफिसातली मुलं त्यावर हसतात, त्यांना हसू दे. एकदा जेवताना तो अण्णांना म्हणाला, "दाजी, पुढं पळणारी लय मिळत्यात. मागं थांबून मोजणारा एक तरी लागतो."

"किल्लेदार मागं थांबल्यावर पुढं कोण जाणार, सुभेदार?"

"ज्याला धाडलाय तो."

अण्णा हसले. "म्हणून तुमच्यावर कुणी नाटक लिहिलं न्हाई."

"म्हणून तर घरला आलो," मामा म्हणाला आणि भाताला हात घातला.

त्या वर्षी माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. दुपारची वेळ. जतच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागलं. बेदाण्याच्या माणसाला त्या दिवसांत ढगाइतकं वैरी कुणी नसतं. मामा दहा-बारा जणांना घेऊन शेडच्या पलीकडच्या बाजूला ताडपत्र्या बांधायला गेला. इकडं धुतलेला ओला माल उघड्यावर पडलेला, तो खोलीत घालायचा तर खोली आधीच्या मालानं भरलेली, तिची धुरी नुकतीच संपलेली. आणि अण्णांनी सांगलीच्या व्यापाऱ्याला शब्द दिलेला होता की उद्याच्या सौद्याला माल येईल. दार उघडलं. पांढरा धूर उंबऱ्यावरून खाली सांडल्यासारखा बाहेर आला आणि माणसं मागं सरली. थांबलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुढं धंद्यात पडल्यावर केला. ओला माल थोडा काळा पडला असता. इतकंच. पण दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "किल्लेदार, पुढं व्हा."

कोण म्हणालं ते मला आठवतं. इथं लिहीत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी हेच म्हणाला असता.

अण्णांनी टॉवेल ओला करून तोंडाला बांधला आणि आत गेले. क्रेट घेऊन बाहेर आले, पुन्हा गेले. उंबऱ्यावर ठेवलेले क्रेट बाकीचे ओढून घेत होते. असं काही वेळ चाललं. मग एकदा ते खोकत, डोळे मिटूनच बाहेर आले. वारा फिरला होता, धूर निवडणाऱ्या बायकांच्या अंगावर यायला लागला होता, पोरं रडायला लागली होती. अण्णांनी चाचपडत दार लोटलं, बाहेरून कडी घातली आणि म्हणाले, "जरा दम घ्या." ते बरोबरच होतं. इतक्या वर्षांत मी ती गोष्ट चाळणीतून किती वेळा काढली असेल, तरी दार लावण्यात मला चूक सापडलेली नाही.

अण्णांना बाहेर यायला वेळ लागतोय म्हणून धोंडी त्यांच्या मागं आत गेला असणार. क्रेटच्या थप्प्यांच्या एका बाजूनं तो आत गेला आणि दुसऱ्या बाजूनं अण्णा बाहेर आले. त्याला जाताना कुणी पाहिलं नाही, कारण सगळे किल्लेदाराकडं बघत होते.

अण्णा टाकीवर वाकून डोळ्यांवर पाणी मारत होते. मी आणि आई चुलीपाशी होतो. तेव्हा ठोके ऐकू आले. दोन जवळ, मग थांबून एक.

धोंडी काही पहिल्यांदाच पत्रा वाजवत नव्हता. आई चहात साखर घालता घालता म्हणाली, "ह्या बाबाला कवा अक्कल येणार." अण्णांनी मान वर केली नाही. डोळे चुरचुरत होते, घसा बसलेला होता, तरी त्यांनी तो आवाज काढला. छातीच्या खालून. "किल्लेदार जागा आहे."

बायका हसल्या. एवढ्या धावपळीत ते बरं वाटलं सगळ्यांना. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं, आधीपेक्षा हळू. अण्णा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "ऐकलं रं, आलो." मग वाजलं नाही. नाटकातही सोबती दोनदाच ठोठावतो. त्यामुळं तिसऱ्यांदा का वाजलं नाही, असं कुणाच्या मनात आलं नाही.

माणूस अशा वेळी दारावर मुठी आपटतो, लाथा मारतो, ओरडतो. धोंडीनं तसं का केलं नाही, हा प्रश्न पुढं पोलिसांनी विचारला, डॉक्टरांनी विचारला. गावातल्या कुणी विचारला नाही. श्वास पुरत नसेल, हे आहेच. पण त्या ठोक्यांनी दार उघडतं, हे त्याला इतकं पाठ होतं की दुसरं काही सुचलं नसेल. मला तरी असंच वाटतं, आणि असं वाटलं की मी उठून पाणी पिते.

मामा ताडपत्र्या बांधून परत आला आणि सवयीनं माणसं मोजायला लागला. एकदा मोजली. पुन्हा मोजली. "दाजी, धोंडी कुठं हाय?"

अण्णा हसतच वळले. टाकीमागं पाहिलं, ट्रॅक्टरमागं पाहिलं. मग त्यांची नजर धुरीच्या खोलीच्या कडीवर गेली. अण्णांचा चेहरा मी आयुष्यात खूप पाहिला, शेवटचाही पाहिला. पण त्या क्षणी जो पाहिला, तो पुन्हा कधी दिसू नये म्हणून मी आजही त्यांचा फोटो फार वेळ बघत नाही. ते धावले. कडी काढून दार ओढलं तर धोंडी दारालाच पाठ लावून बसलेला होता. दार उघडलं तसा तो मागं, अण्णांच्या पायांवर आडवा झाला. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत धुगधुगी होती. तिथून तो परत आला नाही. पाऊस मात्र आलाच नाही. ढग तसेच वरून कर्नाटकात गेले.

माती झाल्यावर मामा म्हणाला, पोलिसांचे कागद होऊ द्या, चार वडीलधारी माणसं घेऊन मग काशीकडं जाऊ. अण्णांनी ऐकलं नाही. ते एकटेच निघाले, त्यांच्या मागं आई आणि आईच्या मागं मी. तिथंही ते पुढंच झाले, आणि त्या एका पुढं होण्याचे गुण मी किल्लेदाराला पुरते देते. वाईट बातमी स्वतःच्या तोंडानं, पहिल्यांदा आणि पूर्ण सांगायची. मी धंद्यात अनेक मोठे लोक पाहिले, हे एवढं एक फार थोड्यांना जमतं. काशी दारात बसली होती. अण्णा अंगणातच थांबले. त्यांचा आवाज गेलेला होता, नुसता वारा निघाल्यासारखे शब्द येत होते.

"काशे, दार मी लावलं."

तिनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाली, "लावलासा त्याचं काय न्हाई, आण्णा. धूर बायकांवर येत हुता, मी बी तिथंच हुते. वाजल्यावर बोललासा. उघडलं न्हाईसा."

गावात सगळे त्यांना किल्लेदार म्हणायचे, तीसुद्धा. त्या दिवसापासून तिनं फक्त आण्णा म्हटलं.

अण्णांनी ट्रंकेतला पटका काढून देवळात नेऊन ठेवला. पुढच्या जत्रेला पुजाऱ्यानं तो हातात धरून विचारलं, कुणाला बांधू. कुणी डोकं पुढं केलं नाही. आता जत्रेला ऑर्केस्ट्रा येतो. पटका गाभाऱ्यात एका खुंटीला आहे असं म्हणतात, मी पाहायला गेलेले नाही. अण्णांचा घसा महिनाभरात बरा झाला, डॉक्टरांनी तसं सांगितलं, पण तो खालचा आवाज पुन्हा निघाला नाही. बोलायचे ते साधं, हळू. शेड मात्र पहिल्यापेक्षा चांगली चालली. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. मामा हंगामापुरता न राहता कायमचा राहिला. काशी निवडणाऱ्या बायकांची मुख्य झाली आणि पुढं सगळी प्रतवारी तिनं सांभाळली. धुरीच्या खोलीला समोर काच बसली, कडी आतूनही काढता येईल अशी झाली. काही ठरवायचं झालं तर अण्णा चार माणसांना विचारायचे. "किल्लेदारानं काय केलं असतं" हे वाक्य आमच्या ताटावरून उठलं ते उठलंच.

पण दार वाजलं की अण्णा उठायचे. कोण आहे विचारायचे नाहीत, ओ द्यायचे नाहीत. हात आमटीत असला तरी तसेच उठून दार उघडायचे. म्हातारपणी, आई-अण्णा सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडं राहायला आल्यावर, दार वाजलेलं नसतानाही ते उठायला लागले. बेल होती आमच्याकडं, दार कुणी ठोठावत नसे. ते हळूहळू जायचे, दार उघडायचे आणि एका बाजूला सरून उभे राहायचे, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे. जरा वेळ थांबायचे. मग कडी घालून परत यायचे. आईनं कधी अडवलं नाही. एकदाच, तांदूळ निवडता निवडता, वर न बघता तिनं विचारलं, "आला का?"

"अजून न्हाई," अण्णा म्हणाले.

मागच्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका कॉलेजात मला व्यवसायावर बोलायला बोलावलं होतं. मी सवयीप्रमाणं मुद्दे कार्डावर लिहून नेले. मुलांना गंमत वाटावी म्हणून आमच्या गावच्या नाटकातल्या किल्लेदाराचं वर्णन केलं. स्वतः आधी धोक्यात जातो, दिलेला शब्द मोडत नाही, आपलं पाणी दुसऱ्याला देतो, मागं राहिलेल्यासाठी दार उघडतो. पुढं काय झालं ते सांगितलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, तो आज एखाद्या कंपनीचा मालक असता, तर चालला असता का?" मी म्हटलं, काही गुण चालतील, काही नाही. टाळ्या झाल्या, चहा झाला. घरी येताना गाडी चालवत असताना ते उत्तर मला अर्धंच वाटायला लागलं. म्हणून हे लिहिलं.

मुली, अण्णा नाटकात दर वर्षी दार उघडायचे, आणि ते खोटं नव्हतं. खरोखर अंगावर काटा यायचा. पण तिथं ठोका कुणाचा, हे मास्तरांनी आधीच लिहून ठेवलेलं होतं. दार उघडलं की कोण दिसणार हे त्यांना माहीत होतं, प्रेक्षकांना माहीत होतं. धंद्यात ठोका तसाच येतो, रोजच्यासारखा, चेष्टेसारखा, कामाच्या घाईत. धीर, शब्द, पुढं होणं, हे सगळं अण्णांकडं होतं. त्या दिवशी ते लागणारच नव्हतं. टाकीपासून खोलीपर्यंत चालत जाऊन एक कडी काढायची होती. किल्लेदारानं ती काढली असती का, हे मला कळत नाही, कारण त्याच्यावर कधी साधी दुपार आलीच नाही.

सांगलीत आता माझं स्वतःचं युनिट आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बरेच नियम सांगते, पहिला हा: दार वाजलं तर बोलायचं नाही, उघडायचं. का, ते सांगत नाही. हंगामात सुटी झाली की मी माणसं मोजते, गाड्या जातात, आवार रिकामं होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडून वारा सुटतो आणि धुरीच्या खोलीचं दार चौकटीत हलतं. वारा कसाही हलवू शकतो ते दार. कधीकधी दोनदा जवळ हलतं, आणि थांबून एकदा.

माझ्या यादीत सगळे घरी गेलेले असतात. मी किल्ल्या हातात घेऊन परत जाते. दार उघडते, बाजूला सरून जरा थांबते, मग लावते.